कॅसेट अडॅप्टर : रीळ नसलेली कॅसेट कशी वाजते आणि कशी दुरुस्त करायची?



घरातल्या जुन्या गाडीत किंवा माळ्यावरच्या टेपरेकॉर्डरसोबत तुम्ही कदाचित एक विचित्र कॅसेट पाहिली असेल. दिसायला नेहमीच्या कॅसेटसारखीच, पण आत रीळ नाही आणि एका बाजूने काळी वायर बाहेर आलेली. वायरच्या टोकाला इअरफोनसारखी पिन. ही पिन मोबाईलला लावायची, कॅसेट प्लेअरमध्ये टाकायची आणि प्लेचे बटण दाबायचे, की मोबाईलमधले गाणे टेपच्या स्पीकरमधून ऐकू येते. हिलाच कॅसेट अडॅप्टर म्हणतात.

ही वस्तू बिघडली की बहुतेक लोक फेकून देतात. पण तिच्यातले बरेचसे बिघाड वीस-तीस रुपयांची पिन आणि अर्धा तास वेळ यांत सुटतात. शिवाय दहावीच्या विज्ञानात 'विद्युतधारेचे परिणाम' या पाठात विद्युतचुंबकीय प्रवर्तन येते, ते प्रत्यक्ष कानाने ऐकण्याचे इतके सोपे साधन दुसरे क्वचितच मिळेल. म्हणून आज आपण ती आधी समजून घेऊ आणि मग उघडू. हा क्रम महत्त्वाचा आहे. कोणता भाग कशासाठी आहे हे माहीत नसेल, तर दुरुस्ती म्हणजे नुसती उघडझाप होते.

थोडा इतिहास

आपण ज्याला कॅसेट म्हणतो ती फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात प्रथम मांडली. लू ओटेन्स या डच अभियंत्याच्या गटाने ती तयार केली होती. आतली फीत जेमतेम ३.८१ मिमी रुंद आणि तिचा वेग सेकंदाला ४.७६ सेंमी. हे माप जगभर एकच राहिले. त्यामुळे एका देशात भरलेली कॅसेट दुसऱ्या देशातल्या टेपवर वाजायची. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटी आल्या आणि आरत्या, भजने, लोकगीते, भावगीते घरोघरी पोचली.

१९८२ मध्ये सीडी बाजारात आली आणि दोनच वर्षांत हातात धरून नेण्याजोगा सीडी प्लेअर निघाला. अडचण अशी की गाड्यांमध्ये मात्र कॅसेटचेच खाचे होते. अख्खा प्लेअर बदलायचा, की सीडीलाच कॅसेटच्या खाचेतून आत न्यायचे? अमेरिकेतले अभियंता लॅरी शॉट्झ यांनी दुसरा मार्ग काढला. त्यांना अडॅप्टरचे पेटंट १९८८ मध्ये मिळाले. पुढे सीडी प्लेअरची जागा एमपीथ्रीने आणि मग मोबाईलने घेतली, पण अडॅप्टर तोच चालत राहिला.

रीळ नाही, मग गाणे येते कुठून?

आधी खरी कॅसेट कशी वाजते ते पाहू. फितीवर लोहाच्या ऑक्साइडसारख्या चुंबकीय पदार्थाचा बारीक थर असतो. गाणे म्हणजे त्या थरात कमी-जास्त चुंबकत्वाच्या रूपाने उमटलेला नमुना. फीत प्लेअरच्या हेडसमोरून सरकते तसे हेडमधले चुंबकीय क्षेत्र बदलत जाते. हेडमध्ये तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल असते. क्षेत्र बदलले की कॉइलमध्ये अगदी सूक्ष्म व्होल्टेज तयार होते. साधारण एक मिलिव्होल्ट किंवा त्याहूनही कमी. प्लेअरमधला अॅम्प्लिफायर ते मोठे करून स्पीकरला देतो.

आता नीट विचार करा. हेडला फीत 'दिसत' नाही. त्याला कळते फक्त बदलणारे चुंबकीय क्षेत्र. ते फितीतून आले की आणखी कुठून, याच्याशी त्याला देणेघेणे नाही.

अडॅप्टरमध्ये नेमका याचाच उपयोग केला आहे. प्लेअरचे हेड जिथे येऊन टेकते, बरोबर तिथे अडॅप्टरमध्ये दुसरे हेड बसवलेले असते. मोबाईलकडून आलेली बदलती धारा या हेडच्या कॉइलमधून जाते, तिथे बदलते क्षेत्र तयार होते, आणि समोरच्या हेडच्या कॉइलमध्ये तशीच बदलती धारा उमटते. मोबाईल आणि प्लेअर यांच्यामध्ये आवाज नेणारी एकही तार जोडलेली नाही, तरी गाणे पलीकडे जाते!

आपल्या गल्लीतल्या डीपीमध्ये हेच घडते. ट्रान्सफॉर्मरच्या एका कॉइलमधली ऊर्जा तारेने न जोडलेल्या दुसऱ्या कॉइलमध्ये जाते. कॅसेट अडॅप्टर म्हणजे मधोमध कापलेला छोटासा ट्रान्सफॉर्मरच समजा. अर्धा भाग कॅसेटमध्ये, अर्धा प्लेअरमध्ये. खाचेत कॅसेट बसली की दोन अर्धे एकत्र येतात.

करून पहा

साहित्य : चालू कॅसेट अडॅप्टर, सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर, १.५ व्होल्टचा एक सेल, १००० ओहमचा एक रेझिस्टर, वायरचे दोन तुकडे.

१. अडॅप्टर टेपमध्ये घाला, प्ले दाबा. आवाज अगदी कमी ठेवा.
२. सेलच्या एका टोकाला रेझिस्टर जोडा. रेझिस्टर वगळू नका. त्याच्यामुळे धारा मर्यादित राहते.
३. एक वायर पिनच्या मुळाशी असलेल्या धातूला टेकवून धरा. दुसरी वायर पिनच्या टोकाला टेकवा.
४. थोडा वेळ तशीच धरा. मग काढा.

काय ऐकू आले? वायर टेकवताना 'टक्', काढताना 'टक्', आणि मधल्या वेळात शांतता. मधल्या वेळातही धारा वाहतच होती, क्षेत्रही होते. पण ते बदलत नव्हते, म्हणून पलीकडे काहीच पोचले नाही.

मायकेल फॅरेडे यांनी २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर दोन कॉइल गुंडाळून जे पाहिले ते हेच. बॅटरी जोडताना आणि काढताना मापकाची सुई हलली, मधल्या वेळात हलली नाही. त्यांनी ते सुईवर पाहिले, तुम्ही कानाने ऐकलेत.

जरा डोके चालवा

एका जुन्या टेपचा पट्टा सैल झाला आहे. मोटर हळू फिरते, म्हणून खऱ्या कॅसेटवरचा गायक झोपेत गायल्यासारखा ऐकू येतो. त्याच टेपमध्ये अडॅप्टर घालून मोबाईलवर तेच गाणे लावले. आता गाणे कसे ऐकू येईल?

बरेच जण म्हणतील, "हळूच येणार, टेप तीच आहे ना!" पण नाही. गाणे अगदी बरोबर वेगाने ऐकू येते. खऱ्या कॅसेटमध्ये क्षेत्र बदलते ते फीत सरकल्यामुळे, म्हणून फितीचा वेग बिघडला की सूरही उतरतो. अडॅप्टरमध्ये क्षेत्र बदलते ते मोबाईलमुळे. तिथे सरकायला फीतच नाही. जो भाग वापरातच नाही, त्याचा दोष गाण्यात येणार कसा?

याचा व्यवहारातला फायदा लक्षात घ्या. मोटर रडतखडत फिरणारी टेप खऱ्या कॅसेटसाठी निकामी झाली, तरी तिचा अॅम्प्लिफायर आणि स्पीकर अडॅप्टरने वापरता येतात.

मग आत दातेरी चाके कशाला?

गाण्यासाठी मोटर लागत नाही, तर अडॅप्टरमध्ये ती प्लास्टिकची दातेरी चाके का असतात? उत्तर सोपे आहे. ती गाण्यासाठी नसून प्लेअरची समजूत घालण्यासाठी आहेत.

अनेक प्लेअर, विशेषतः गाडीतले, रीळ फिरते आहे की नाही यावर लक्ष ठेवतात. चाक थांबले म्हणजे बाजू संपली किंवा फीत अडकली असे मानून ते कॅसेट बंद करतात, बाहेर ढकलतात किंवा उलट दिशेने वाजवू लागतात. अडॅप्टरमधली दातेरी चाके दोन्ही बाजूंची चाके एकमेकांना जोडतात. प्लेअरने एक फिरवले की दुसरेही फिरते आणि प्लेअरला वाटते, रीळ चालू आहे.

'खडखड नको तर दाते काढून टाका' असा सल्ला सर्रास दिला जातो. तो काही टेपवर चालतो, काहींवर नाही. तुमचा प्लेअर चाकावर लक्ष ठेवत असेल, तर दाते काढल्यावर काही सेकंदांत तो अडॅप्टर बंद करेल किंवा बाहेर फेकेल. करून बघायचेच असेल तर फक्त मधली चाके काढा, कडेची दोन मोठी चाके जागेवर ठेवा, आणि काढलेला प्रत्येक भाग डबीत जपून ठेवा.

बिघाड शोधण्याची रीत

आवाज येत नाही म्हटल्यावर हात लगेच स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. थांबा. आधी गाण्याची वाट कागदावर काढा :

मोबाईल → पिन → वायर → अडॅप्टरचे हेड → प्लेअरचे हेड → अॅम्प्लिफायर → स्पीकर

यात सात जागा आहेत, आणि बिघाड कुठेही असू शकतो. पण काहीही न उघडता दोनच चाचण्या करा.

पहिली : मोबाईलला इअरफोन लावा. गाणे ऐकू आले तर मोबाईल ठीक.

दुसरी : टेपमध्ये एक खरी कॅसेट लावा. ती वाजली तर प्लेअरचे हेड, अॅम्प्लिफायर आणि स्पीकर तिन्ही ठीक.

बघा, सातपैकी चार जागा दोन मिनिटांत बाद झाल्या. उरल्या फक्त पिन, वायर आणि अडॅप्टरचे हेड. आणि दुसऱ्या चाचणीत खरी कॅसेटही वाजली नाही, तर दोष अडॅप्टरचा नाहीच. अशा वेळी नवा अडॅप्टर आणला तरी तोही गप्पच बसणार. कापसाचा बोळा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून आधी प्लेअरचे हेड पुसा आणि पुन्हा पाहा. वर्षानुवर्षे साचलेल्या तपकिरी मळाने हेड झाकले गेलेले असते.

आणखी काही खुणा :

- एकाच बाजूचा आवाज येतो : बहुधा वायरमधली एक तार तुटली आहे.
- वायर हलवली की आवाज येतो-जातो : पिनच्या मानेजवळ किंवा कॅसेटमधून वायर बाहेर येते तिथे तुटले आहे.
- दोन्ही बाजू वाजतात पण आवाज फार बारीक : दोन हेड एकमेकांना नीट टेकत नाहीत.
- ऑटो-रिव्हर्सच्या प्लेअरवर आवाजच नाही : प्लेअर उलट दिशेने चालला असेल. त्या वेळी त्याचे हेड फितीच्या दुसऱ्या अर्ध्यावर जाते, आणि अनेक अडॅप्टरमध्ये तिथे काही नसते. दिशा बदलायचे बटण दाबून बघा.
- खडखड येते : प्लेअरचा आवाज शून्यावर आणा. तरीही खडखड आली तर ती दातेरी चाकांची आहे, विजेची नाही.

वायर आणि पिन बदलणे

सर्वांत जास्त बिघाड इथेच होतो. अडॅप्टर वापरताना खाचेच्या दारात वायर दाबली जाते आणि रोज एकाच जागी वाकते.

वायर तुटली आहे असे वाटले तर मल्टिमीटर बीपवर ठेवा. पिनवर तीन भाग असतात. टोक डाव्या आवाजाचे, मधले कडे उजव्या आवाजाचे आणि मुळाकडचा भाग दोघांचा सामाईक. अडॅप्टर उघडून प्रत्येक भागापासून हेडवर जाणारी तार तपासा. ज्या तारेवर बीप वाजत नाही, ती तुटली. तारांच्या रंगांवर विसंबू नका. प्रत्येक उत्पादकाचे रंग वेगळे असू शकतात.

पिन बदलण्याचे टप्पे असे :

१. पिनपासून दोन-तीन सेंमी मागे वायर कापा, म्हणजे मोडलेला भाग निघून जाईल.
२. नव्या पिनचे टोपण आधी वायरमध्ये ओवून घ्या. डाख देऊन झाल्यावर टोपण बाहेरच राहिले असे लक्षात आले, तर सगळे पुन्हा सोडवावे लागते.
३. आतल्या केसासारख्या तारांवर रंगीत लाखेचा थर असतो. तो असेपर्यंत डाख धरत नाही. गरम सोल्डरिंग आयर्न आणि थोडे सोल्डर लावून टोकाचा थर जाळा. तार चकाकली की समजायचे, झाले.
४. तिन्ही तारा आपापल्या जागी जोडा. दोन तारा एकमेकींना टेकत नाहीत हे मीटरने पुन्हा बघा.
५. कॅसेटच्या आत, वायर बाहेर पडते तिथे एक गाठ मारा. मग बाहेरून ओढ बसली तरी ती गाठीवर येईल, डाखावर नाही.

सोल्डरिंग करताना खिडकी उघडी ठेवा आणि घरातले मोठे माणूस जवळ असू द्या. गाडीतल्या प्लेअरच्या मागच्या तारांना हात लावू नका. आपले काम फक्त अडॅप्टरपुरते आहे.

अडॅप्टर उघडताना

बहुतेक अडॅप्टरना चार-पाच छोटे स्क्रू असतात. काही चिकटवलेले असतात, ते जोर लावून उघडले तर कडा फुटतात. उघडण्याआधी खाली पांढरे कापड पसरा. वरचे झाकण उचलण्यापूर्वी स्प्रिंगवर बोट ठेवा, नाहीतर ती उडून कुठे जाईल सांगता येत नाही. झाकण निघताच मोबाईलवर फोटो काढा. जोडताना तोच फोटो कामी येतो.

आता हेड तपासा. मीटर ओहमवर ठेवून डाव्या आणि उजव्या कॉइलचा विद्युतरोध मोजा. आकडा किती येतो यापेक्षा दोन्ही आकडे जवळपास सारखे आहेत का, हे महत्त्वाचे. एक बाजू अनंत दाखवत असेल तर ती कॉइल तुटली. मात्र प्लेअरच्या हेडला मीटर लावू नका. मीटरच्या थेट धारेने ते चुंबकित होऊ शकते, आणि मग खऱ्या कॅसेटींचा आवाज खराब होतो. चुंबक लावलेला स्क्रू ड्रायव्हरही त्याच्यापासून दूर ठेवा.

हेडमागची स्प्रिंग किंवा पट्टी हेडला पुढे दाबून धरते. ती वाकली असेल तर हलकेच सरळ करा. इथे जागा फार थोडी असते. स्टिरिओ कॅसेटवर प्रत्येक पट्टा साधारण ०.६ मिमीचाच. हेड एखादा मिलिमीटर जरी वर-खाली सरकले तरी डावे-उजवे बिघडते. एका वेळी थोडेच हलवा, वाजवून बघा, मग पुढे जा.

चाकांवरचे जुने ग्रीस घट्ट झाले असेल तर चाके साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. मग दात्यांना सिलिकॉन ग्रीसचा टिपका लावा. खोबरेल तेल किंवा शिलाई मशीनचे तेल नको. ते उडून प्लेअरच्या रबरी चाकावर गेले, तर पुढे खरी कॅसेट घसरू लागते.

स्वतः बनवता येईल का?

हो. भंगारातल्या टेपचे चांगले स्टिरिओ हेड आणि एक रिकामी कॅसेट मिळाली तर करून पाहा. पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड अशा ठिकाणी पिन, वायर, रेझिस्टर सहज मिळतात.

कॅसेटमधले रीळ आणि मधली दाबपट्टी काढा. त्या जागी हेड असे बसवा, की त्याचा चकचकीत चेहरा बाहेर राहील आणि प्लेअरच्या हेडला बरोबर समोरासमोर टेकेल. डाव्या आणि उजव्या तारेत सुमारे १००० ओहमचा एकेक रेझिस्टर घाला. आवाज कर्कश वाटला तर रेझिस्टर कमी करा, घुमट वाटला तर वाढवा. मोबाईलचा आवाज मध्यम ठेवा. फार वाढवला तर गाणे फाटते, फार कमी ठेवला तर सूं-सूं जास्त ऐकू येते.

शेवटी

मित्रांनो, नवे कॅसेट प्लेअर आता दुकानात फारसे दिसत नाहीत. घरात जो आहे, तो टिकला तरच आजीच्या कॅसेटीही वाजतील आणि तुमच्या मोबाईलमधली गाणीही. त्या दोघांमधला दुवा फक्त एका तुटलेल्या तारेसाठी कचऱ्यात जाऊ नये.

आजची रीत फक्त अडॅप्टरपुरती नाही. सायकलचा दिवा असो की घराची बेल, वाट कागदावर काढा, न उघडता होतील त्या चाचण्या आधी करा, आणि प्रत्येक भागाला विचारा, "तू इथे कशासाठी आहेस?" उत्तर मिळाले की बिघाड सापडायला वेळ लागत नाही.

स्वाध्याय

१. सेलच्या प्रयोगात मधल्या वेळात आवाज का येत नाही? कारण लिहा.
२. अडॅप्टर आणि डीपीमधला ट्रान्सफॉर्मर यांतील एक साम्य आणि एक फरक सांगा.
३. खरी कॅसेट उत्तम वाजते, इअरफोनमध्ये गाणे नीट येते, पण अडॅप्टर लावल्यावर फक्त उजवा आवाज येतो. बिघाड कुठे असू शकतो? कोणती चाचणी कराल?
४. एका विद्यार्थ्याने दातेरी चाके काढली. त्याच्या टेपवर अडॅप्टर चालतो, पण काकांच्या गाडीत दहा सेकंदांत बंद पडतो. असे का होत असेल?
५. घरातल्या कोणत्याही एका बिघडलेल्या वस्तूची 'वाट' कागदावर काढा आणि ती न उघडता करता येतील अशा दोन चाचण्या लिहून वर्गात आणा.